दहशतवाद मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं?

"दहशतवाद अमुक टक्क्यांनी वाढला" अशी हेडलाइन आली की ग्राफ धडाधड फॉरवर्ड होतात, पण त्या ग्राफमध्ये कुठली घटना धरली आणि कुठली सोडली हे कोणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथंच आहे.

श्मिड आणि योंगमान या संशोधकांनी 1988 साली दहशतवादाच्या 109 व्याख्या तपासल्या. हिंसेचा उल्लेख 83.5 टक्के व्याख्यांत सापडला, राजकीय हेतूचा 65 टक्क्यांत आणि भीतीचा फक्त 51 टक्क्यांत. युनोत तर दहशतवादाविरुद्धच्या सर्वसमावेशक कराराचा प्रस्ताव 1996 पासून पडून आहे, कारण स्वातंत्र्यलढे आणि सरकारी सैन्य यांचं काय करायचं यावरच गाडी अडते.

पण आकडे गोळा करणाऱ्यांना थांबून चालत नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या ग्लोबल टेररिझम डेटाबेसने, म्हणजे जगभरातल्या दहशतवादी घटनांच्या नोंदसंग्रहाने, काढलेला तोडगा मला जाम आवडतो. त्यांनी एक व्याख्या केलीच नाही, अटी केल्या. तीन अटी सक्तीच्या: कृत्य जाणूनबुजून केलेलं, त्यात हिंसा किंवा हिंसेची धमकी, आणि करणारे सरकारबाहेरचे. त्यानंतर आणखी तीन, त्यातल्या कुठल्याही दोन पुरे: राजकीय, आर्थिक, धार्मिक किंवा सामाजिक उद्देश, प्रत्यक्ष बळींपलीकडच्या लोकांना धमकावायचा किंवा संदेश द्यायचा हेतू, आणि युद्धाच्या मान्य नियमांबाहेरचं कृत्य. आता शाळेतलं गणित लावा, तीनपैकी किमान दोन म्हणजे चार कॉम्बिनेशन चालतात, आणि तिन्ही हव्यात म्हटलं तर एकच उरतं. या दुसऱ्या तीन अटींपैकी प्रत्येकीचा वेगळा रकाना असल्यामुळे ज्याला जी चाळणी हवी ती लावता येते, म्हणजे डेटा तोच, पण अट कडक केली की ग्राफ खाली येतो, आणि जगात प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं! शिवाय सरकारी हिंसा पहिल्याच टप्प्यात बाहेर, त्यामुळे "सर्वात जास्त माणसं कोण मारतं" याचं उत्तर या डेटात शोधूच नका.

"आमचं एआय दहशतवादी आधीच ओळखतं" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर एवढंच विचारा, त्याला शिकवताना दहशतवादी हे लेबल कोणी आणि कुठल्या अटीवर लावलं होतं? नेल्सन मंडेलांचं नाव 2008 पर्यंत अमेरिकेच्या दहशतवादी वॉचलिस्टवर होतं.

या डेटाबेसमध्ये "हा दहशतवादच आहे का याबद्दल शंका" असाही एक रकाना आहे, पण तो पद्धतशीर भरला जायला लागला 1997 नंतरच्या घटनांपासून. त्याआधीच्या नोंदींत ही शंका गाळून बघायची सोयच नाही, त्यामुळे 1970 पासूनची सलग रेघ ओढलेला ग्राफ दिसला की मी तरी आधी खालची बारीक टीप वाचतो.