आधी कागद, मग आकृती

ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालून पक्षी-प्राणी करण्याची कला, शिकायची तर आधी कागद ओळखावा. वैशाखात सोलापुरात घोटीव कागदाला नखाने दाबून घडी घाला आणि उलगडून बघा. रंगीत बाजूवर पांढरी चीर उमटलेली दिसेल. श्रावणात तोच कागद बराच निमूटपणे वाकतो.

कागद हे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. तंतूंत मुरलेलं थोडंसं पाणी त्यांना लवचीक ठेवतं. पारा चाळिशीपार गेला, हवा कोरडी पडली की ते पाणी उडतं. घडीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली चेपली जाते आणि ताठरलेले तंतू हा ताण न सोसून तुटतात. घोटीव कागदात आधी वरचा रंगाचा थर तडकतो, म्हणून चीर एवढी ठळक दिसते.

दुसरी गोष्ट दिशेची. कारखान्यात लगदा धावत्या जाळीवर पसरतो, तेव्हा बरेचसे तंतू जाळी धावते त्या दिशेला वळतात. मागावर ताण्याचे धागे एकाच दिशेला असतात, तसंच काहीसं. फक्त इतकं शिस्तीत नाही. या दिशेला समांतर घडी सरळ आणि सहज पडते, आडवी घडी अडखळते. वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी फाडून बघा: एकीकडे सरळ फाटतं, दुसरीकडे वेडंवाकडं. न फाडता ओळखायचं असेल, तर कागदाच्या तुकड्याची एकच बाजू ओली करा. तो गुंडाळायला लागतो आणि त्या गुंडाळीची लांबी तंतूंच्या दिशेने असते, कारण ओला तंतू लांबीत जेमतेम वाढतो, जाडीत मात्र चांगलाच फुगतो.

ओरिगामीच्या आकृत्यांची आजची चिन्हभाषा मुख्यतः अकिरा योशिझावा (1911–2005) या जपानी कलाकाराची. तुटक रेषा म्हणजे दरीघडी (घडीची रेघ दरीसारखी खाली जाते), रेघ-टिंब म्हणजे डोंगरघडी (ती डोंगरासारखी वर उठते). एखादी पायरी अडली, तर त्याच चित्राकडे टक लावून बसण्यापेक्षा पुढचं चित्र बघावं. उत्तर तिथे असतं.

या रेषांमागे गणितही आहे. करकोचा करा, पंख पसरण्याआधी थांबा आणि कागद पूर्ण उलगडा. कागदाच्या आतला, जिथे घड्या एकत्र येतात असा कोणताही बिंदू निवडा. तिथल्या डोंगरघड्या आणि दरीघड्या मोजा; तयारीसाठी घालून पुन्हा उलगडलेल्या घड्या तेवढ्या सोडा. फरक नेमका दोनचा निघेल. सपाट मिटणाऱ्या प्रत्येक रचनेला हा नियम लागू आहे; जपानी ओरिगामीकार जुन माएकावा यांच्या नावाने तो ओळखला जातो. स्वतःची नवी रचना करणाऱ्याला तो फार कामाचा: फरक दोनचा नसेल, तर कागद सपाट मिटणारच नाही.

आता जाडी. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. पाच वेळा दुमडला की 32 थर, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर! बाहेरच्या थराला आतल्या थरांना वळसा घालावा लागतो, म्हणून कडा सरकतात आणि टोकं जुळत नाहीत. पाय-मिशांच्या किड्याला हा कागद देणं म्हणजे हट्टच. तिथे पातळ पण चिवट कागदच हवा. पतंगाचा कागद पातळ असतो खरा, पण घडी धरत नाही. घोटीव कागद करकोच्याला, बेडकाला ठीक.

गोलाईदार हत्तीसाठी मात्र जाड, खळ असलेला चित्रकलेचा कागद घ्यावा. ओलसर फडक्याने तो पुसला की खळ मऊ होते, कागद हवा तसा वळवता येतो आणि वाळल्यावर तोच आकार धरून राहतो. ही पद्धतही योशिझावांचीच. फक्त सोलापूरच्या उन्हाळ्यात कागद हातातच वाळतो, तेव्हा फडकं जवळ ठेवावं आणि पंखा बंद करावा.