खासदार की आमदार? ताहितीच्या तेमाताईची दोन सभागृहं

तेमाताई ल गायिकबद्दल वाचताना हमखास गोंधळ होतो. एका बातमीत तो फ्रान्सच्या संसदेत असतो, दुसरीत पॉलिनेशियाच्या असेंब्लीत. दोन्ही बातम्या खऱ्या. ताहिती हे पॅसिफिक महासागरातल्या, फ्रान्सच्या अखत्यारीतल्या फ्रेंच पॉलिनेशियाचं मुख्य बेट. २००० साली जन्मलेला हा ताहितीचा मुलगा काही काळ दोन्हीकडे होता. मराठीत त्यासाठी चपखल शब्द आहेत: खासदार आणि आमदार.

आधी खासदारकी. पॅरिसच्या नॅशनल असेंब्लीत ५७७ जागा, त्यातल्या फ्रेंच पॉलिनेशियाच्या वाट्याला फक्त ३. जून २०२२ मध्ये स्वातंत्र्यवादी ताविनी हुइराआतिरा पक्षाने तिन्ही जिंकल्या. त्यात तेमाताई एकवीस वर्षांचा, १९५८ पासूनच्या पाचव्या प्रजासत्ताकातला सर्वांत तरुण खासदार. तिथल्या रिवाजाप्रमाणे पहिल्या दिवशी सर्वांत वयस्क सदस्य अध्यक्षस्थानी बसतो आणि सर्वांत तरुण सहा जण सचिव होतात. त्या दिवशी खुर्चीवर होते जोझे गोन्झालेझ. फ्रेंच अल्जीरियातल्या ओरान शहरात ते जन्मले, आणि गमावलेल्या त्या भूमीची आठवण त्यांनी भाषणात हळहळून काढली. तरुण सचिवांमध्ये ‘आमची बेटं अजून वसाहतच आहेत’ असं म्हणणाऱ्या पक्षाचा हा पोरगा. वसाहतवादाचा अख्खा इतिहास एका व्यासपीठावर आला होता. माझ्या मनातून ते चित्र जात नाही.

आता आमदारकी. ताहितीत, राजधानी पापेएतेच्या तारहोई चौकात ५७ जागांची वेगळी असेंब्ली आहे. कर, आरोग्य, मासेमारी, कामगार असे विषय तिच्याकडे, आणि तिच्या कायद्यांना ‘देशाचे कायदे’ असंच म्हणतात. मात्र त्यांना आव्हान दिलं तर निकाल लागतो पॅरिसच्या राज्य परिषदेत, म्हणजे फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात. संरक्षण, न्याय, पोलीस, चलन, नागरिकत्व हे सगळं फ्रान्सच्या हातात.

म्हणून खासदारकी ही आमदारकीच्या वरची पायरी समजू नये. १९६६ ते १९९६ या काळात पॉलिनेशियातल्या मोरुरोआ आणि फांगाताउफा या प्रवाळबेटांवर फ्रान्सने १९३ अणुस्फोट केले. आजारी पडलेल्यांना भरपाई कुणाला आणि किती, हे ठरवणारा २०१० चा कायदा पॅरिसचा. तारहोईतल्या ५७ जणांनी एकमताने ठराव केला तरी त्यातला स्वल्पविराम हलत नाही. तो हलवायचा तर सुमारे १५,७०० किलोमीटर लांब जावं लागतं, जिथे उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा ताहितीत आदल्या रात्रीचे नऊ असतात. आणि तिथे ५७७ मधले तिघेच आपले!

निवडून येण्याची रीतही निराळी. खासदार मतदारसंघातून स्वतःच्या नावावर निवडून येतो, आमदार पक्षाच्या यादीतून. शिवाय जिंकणाऱ्या यादीला १९ जागा जादा मिळतात. एप्रिल २०२३ मध्ये ताविनीला सुमारे ४४ टक्के मतांवर ३८ जागा मिळाल्या त्या यामुळेच. त्याच यादीतून तेमाताई आमदार झाला.

आपल्याकडे हे चाललं नसतं. चौदा दिवसांत विधानसभेचा राजीनामा दिला नाही तर खासदारकी जाते. फ्रान्समध्ये खासदाराला स्थानिक सभागृहाचं सदस्यत्व ठेवता येतं, स्थानिक सरकारचं प्रमुखपद मात्र नाही. म्हणूनच ताविनीच्या तीन खासदारांपैकी मोएताई ब्रोदरसन मे २०२३ मध्ये पॉलिनेशियाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांची पॅरिसमधली जागा मेरेआना रीड-आर्बेलो यांच्याकडे गेली.

जून २०२४ मध्ये मॅक्रों यांनी नॅशनल असेंब्ली बरखास्त केली. मुदत पाच वर्षांची होती, तेमाताईला दोनच मिळाली. नव्या निवडणुकीत पहिल्याच फेरीत मोएरानी फ्रेबो यांनी त्याला हरवलं. खासदारकी गेली, तारहोईतली जागा राहिली. अणुस्फोटांची चौकशी करणारी संसदीय समितीही त्या बरखास्तीत अर्ध्यावर बंद पडली. ती पुन्हा उभी राहिली आणि अहवाल लिहिण्याचं काम आलं रीड-आर्बेलो यांच्याकडे. तिघांपैकी त्यांचीच जागा ताविनीकडे उरली होती.