नाशिक ते लंडन : आकाशातले तास आणि घाटातले तास

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. नाशिकहून मोजलं तरी जवळपास तेवढंच भरतं. अंतर बदललं नाही. वेळ मात्र पंचाहत्तर वर्षांत पार बदलला, आणि नाशिककरांसाठी तो दोन ठिकाणी बदलला.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोहोचलं. ते पंख्याचं कॉन्स्टेलेशन विमान होतं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, वेग जवळपास दुप्पट झाला. वाटेतले थांबे मात्र हळूहळूच सुटले. आज विनाथांबा साडेनऊ-दहा तास लागतात.

पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावरच्या सरळ रेषेहून बरीच उत्तरेला वळते : पाकिस्तान, मध्य आशिया, कॅस्पियन समुद्र, युक्रेन. यातलं युक्रेनचं आकाश २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. मग अरबी समुद्रावरून वळसा. त्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका; त्या स्थानिक वेळा असतात. लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.

हे झालं आकाशातलं. नाशिककराचा प्रवास खरा सुरू होतो तो कसारा घाटात. मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, आणि घाटात ट्रक बंद पडला तर काय, म्हणून आणखी दोन-तीन तास हाताशी ठेवायचे. हा वेळ कुठल्याच वेळापत्रकात नसतो, आणि माझ्या मते आपल्या शहरावरचा मोठा अन्याय तोच होता. कारण धावपट्टी तर दाराशीच होती! १९६४ मध्ये नाशिकजवळच्या ओझरला मिग लढाऊ विमानांचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा) कारखाना आला, पुढे तिथे सुखोईही बनली. पण प्रवासी टर्मिनलचं उद्घाटन व्हायला २०१४ उजाडलं. त्यानंतरही लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारच्या 'उडान' योजनेतलं ओझरहून पहिलं विमान डिसेंबर २०१७ मध्ये सुटलं. २०१८ मध्ये सुरू झालेली दिल्लीची सेवा जेट एअरवेजबरोबर २०१९ मध्ये बंद पडली. दिल्लीसाठी पुन्हा वाट पाहावी लागली.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जुन्या घाटाला बोगद्यांचा पर्याय मिळाला. त्यामुळे आता रस्त्याने मुंबई गाठून किंवा ओझरहून दिल्लीमार्गे, या दोन्ही वाटा तुलनेच्या आहेत. ओझरहून दिल्लीमार्गे जायचं तर पुढचं विमान किती तासांनी आहे ते आधी पाहा, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते.