विक्रीकर आणि जाहिरातीतील किंमत

जाहिरातीतल्या किमतीत विक्रीकर आधीच धरायचा की पावती करताना वर लावायचा, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. त्यामुळे दोन देशांतले आकडे नुसते चलन बदलून शेजारी ठेवले, तर तुलना फसते.

अमेरिकेत कर वरून लागतो. तिथे केंद्रीय विक्रीकर नाही. राज्य, काउंटी आणि शहर यांचे दर एकावर एक चढतात. न्यूयॉर्क शहरात एकूण दर ८.८७५ टक्के असल्याने करपात्र ९९ डॉलरची वस्तू १०७.७९ डॉलरला पडते. ऑरेगनमध्ये विक्रीकरच नसल्याने ती ९९ लाच मिळते. देशभर झळकणाऱ्या जाहिरातीत म्हणूनच एक अंतिम किंमत देता येत नाही. दुकानातल्या किंमतपट्टीला मात्र ही सबब चालत नाही, कारण दुकानाचा पत्ता ठरलेला असतो. पट्टीवरचा आकडा कमी दिसण्यात विक्रेत्याचा फायदाही आहे. राज चेट्टी, ॲडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका किराणा दुकानात करासहित किमतीच्या पट्ट्या लावताच त्या वस्तूंची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली. कॅनडातही कर बहुधा वरूनच लागतो: ॲल्बर्टात ५ टक्के, ऑन्टारियोत १३.

युरोपीय संघात ग्राहकाला मूल्यवर्धित करासहित किंमतच दाखवावी लागते. इथे दरातला फरक ग्राहकाला दिसत नाही, तो विक्रेत्याच्या पदरी येतो. १०० युरोची वस्तू विकल्यावर लक्झेंबर्गमध्ये (१७ टक्के) हाती ८५.४७ युरो उरतात, फिनलंडमध्ये (२५.५ टक्के) ७९.६८. भारतात वेष्टनावरची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहित असते, तिच्यावर वेगळा कर लावता येत नाही. घाऊक आणि व्यावसायिक दरपत्रकांत मात्र करावेगळे आकडे सर्रास असतात. ते वैयक्तिक खरेदीसाठी वाचणारा हमखास चकतो.

जपानमध्ये कर ५ वरून ८ आणि पुढे १० टक्के होताना पट्ट्या वारंवार बदलाव्या लागू नयेत म्हणून २०१३ पासून करावेगळी किंमत दाखवण्याची सूट होती. १ एप्रिल २०२१ पासून एकूण किंमत दाखवणे पुन्हा सक्तीचे झाले. तरी एक गुंता उरलाच. खाद्यपदार्थ बांधून नेल्यास ८ टक्के, तिथेच बसून खाल्ल्यास १०, म्हणजे एकाच पदार्थाच्या दोन अंतिम किमती होऊ शकतात.

करासहित किमतीतून कर वेगळा काढताना नेहमीची चूक म्हणजे दर थेट त्या किमतीला लावणे. १८ टक्के दराने ११८ मधला कर १८ असतो. ११८ चे १८ टक्के काढले तर २१.२४ येतात. बरोबर रीत म्हणजे किमतीला १.१८ ने भागून मूळ किंमत काढायची. दर १० टक्के असेल तर कर एकूण किमतीच्या एक-अकरांश, २० टक्के असेल तर एक-षष्ठांश. पावतीवर प्रत्येक ओळीचा कर पूर्णांकित केला तर बेरीज एकूण रकमेवर काढलेल्या कराशी थोडी जुळत नाही, तेव्हा कोणती पद्धत चालेल हे आधी पाहावे.