कोळशापासून डिझेल, ही गोष्ट काही आजची नाही

वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागं अडकलो की गाडीत कोणीतरी म्हणतंच, आता म्हणे या कोळशाचा गॅस करणार अन् गॅसचं डिझेल. जसं काही कालच शोध लागला! शंभर वर्षं झाली बाप्पा याला.

आमच्या गावचा लोहार लालभडक कोळशावर पाण्याचा शिपका मारतो ना, त्याच खेळाचं मोठं रूप समजा. तापल्या कोळशातून वाफ सोडली की पाण्यातला ऑक्सिजन कोळसा ओढून घेतो, अन् हाती येतो कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, यालाच सिंथेसिस गॅस म्हणतात. पण याचं तेल आपोआप होत नाही, मधे धातू लागतो.

1902 मध्ये फ्रान्सच्या साबात्ये अन् सांदेरां यांनी हा गॅस निकेलवरून नेला, तर नुसता मिथेन, म्हणजे एकाच कार्बनचा गॅस, निघाला. मग जर्मनीत म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर अन् हान्स ट्रॉप्श यांनी लोखंड, कोबाल्ट वापरलं आणि 1925-26 च्या सुमारास पेट्रोल-डिझेलसारखं तेल काढून दाखवलं. फरक धातूचा. पोत ओवावी तसे कार्बनचे मणी धातूच्या अंगावर एकामागं एक जुळत जातात, कोबाल्ट अन् लोखंड माळ लांबू देतात, निकेल मात्र एकाच मण्याला हायड्रोजन चिकटवून सोडून देतं. अन् गॅसमधे थोडं जरी गंधक राहिलं तरी धातू बाद, म्हणून आधी गॅस धुवून घ्यावाच लागतो.

जर्मनीकडं कोळसा भरपूर, तेल नाही. 1936 पासून कारखाने सुरू झाले, युद्धात नऊ होते, सगळे कोबाल्टवर. (त्यांचं जास्त कृत्रिम पेट्रोल दुसऱ्याच पद्धतीनं यायचं, हे लोक विसरतात.) युद्धानंतर अरबी तेल स्वस्त झालं अन् हे सगळं मागं पडलं. टिकली दक्षिण आफ्रिका, तिथल्या सासोल कंपनीनं 1955 मध्ये कोबाल्टऐवजी स्वस्त लोखंडावर काम सुरू केलं. पुढं कतारमधे 2011 ला असंच तेल काढणारा पर्ल प्रकल्प आला, पण तो कोळशावर नाही, नैसर्गिक गॅसवर.

आपल्याकडं केंद्रानं 2024 मध्ये कोळशाच्या गॅसीकरणाला 8500 कोटींची योजना मंजूर केली, 2030 पर्यंत वर्षाला 10 कोटी टन कोळशाचं टार्गेट आहे. अडचण एकच, आपल्या कोळशात राख लय. पुष्कळदा तिसरा हिस्सा राखच, म्हणजे तीन ट्रक आत गेले की एक ट्रक राखेचा बाहेर, अन् ती टाकायची कोणाच्या वावराच्या धुऱ्याला?