पवनी, रामटेक, भद्रावती: विदर्भातल्या नागपरंपरेची पार्श्वभूमी

श्रावणात विदर्भातल्या एखाद्या खेड्यात संध्याकाळी चक्कर मारली, तर विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन चाललेलं असतं. निंदणाहून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून बसतात आणि आषाढ पौर्णिमेला सुरू केलेला बाबासाहेबांचा धम्मग्रंथ रोज थोडा थोडा पुढे सरकतो. त्याच गावाच्या दुसऱ्या अंगाला नागपंचमी जवळ आलेली असते. त्या दिवशी डवरा जुंपायचा नाही, विळा लावायचा नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. वारुळाला दूध-लाह्या वाहायच्या. काही गावांत रात्री नागाच्या बाऱ्या, म्हणजे गाणी, म्हणतात. एका वस्तीचा दुसऱ्या वस्तीच्या कार्यक्रमाशी काही संबंध आहे, असं सहसा कोणाला वाटत नाही. दोन्हीकडे नाग मात्र आहे, आणि त्याचे या भागातले धागे बावीसशे वर्षं मागे जातात.

त्यातला सगळ्यात जुना पुरावा भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या पवनीत आहे. आज पवनी म्हटलं की घाट, देवळं आणि जुना परकोट आठवतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगतपती जोशी त्याचे प्रमुख होते. वर देऊळ, खाली मोठा बौद्ध स्तूप! स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. स्तूप बांधायला राजाचीच तिजोरी लागते, हा आपला समज या नावांपुढे टिकत नाही.

तिथल्या एका खांबावर झाडाखाली रिकामं आसन आहे आणि त्यावर पाच फण्यांचा नाग. बुद्धाची मूर्ती घडवायची रीत तेव्हा नव्हती, म्हणून आसन रिकामं. नाग कोणता याची शंका राहू नये म्हणून कारागिराने नावही कोरून ठेवलं आहे: मुचलिंद. विनयपिटकात त्याची कथा येते. बोधी मिळाल्यानंतरच्या दिवसांत अकाली पाऊस आला आणि सात दिवस थांबला नाही. तेव्हा या नागराजाने बुद्धाभोवती सात वेढे घातले, डोक्यावर फणा धरला आणि आभाळ निवळल्यावरच वेढे सोडले.

वर्षावासाचं मूळही पावसातच आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, उगवलेली हिरवळ तुडवतात, बारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांची तक्रार झाली आणि बुद्धाने तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. नुकत्याच निघालेल्या कपाशीच्या ओळीतून कोणी चालत गेलं तर आपला शेतकरी काय बोलेल, ते आठवलं की ही तक्रार लगेच समजते. पंचमीला डवरा न जुंपण्यामागेही जमिनीतल्या जिवाला लागू नये हीच काळजी आहे.

पवनीनंतरचा धागा राजघराण्यात सापडतो. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांचा नागकुळांशी दोनदा सोयरसंबंध जुळला. त्यांचा राजा पहिला रुद्रसेन हा भारशिव या नाग घराण्यातल्या भवनागाच्या मुलीचा मुलगा. पुढे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्यात सून म्हणून आली आणि नवऱ्यामागे मुलं लहान असल्याने तिने स्वतः कारभार हाकला. तिचा एक ताम्रपट रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून दिलेला आहे. त्यात बाप गुप्तवंशाचा हे सांगताना आई कुबेरनागा नागकुळातली, हेही ती आवर्जून सांगते. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मिळाला. तो रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे. रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. विष्णुभक्त राणीचा ताम्रपट तिथे निघावा, हे विदर्भाच्या रीतीला धरूनच झालं.

रामटेकला गडावर रामाचं देऊळ, अगस्त्य ऋषींचा आश्रम आणि जवळच नागार्जुनाच्या नावाची टेकडी. बौद्धांच्या महायान परंपरेत आचार्य नागार्जुनाने प्रज्ञापारमितेचे ग्रंथ नागलोकातून आणले असं सांगतात. शेजारच्या मनसरला १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नागार्जुनाच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेच्या वतीने जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी खोदकाम केलं आणि वाद उभा राहिला. उत्खनकांना तिथे बौद्ध महाविहाराच्या खुणा दिसल्या. ‘प्रवरेश्वर’ असा उल्लेख असलेली मुद्रा, वाकाटककाळातली शिल्पं आणि देवळाची मांडणी बघून इतर अभ्यासकांनी तो प्रभावतीगुप्तेचा मुलगा दुसरा प्रवरसेन याचा देवालय-परिसर ठरवला. मला मनसरच्या हिडिंबा टेकडीवरच्या या देवळाबाबत दुसरी बाजू वजनदार वाटते. पण एका देवळामुळे त्या परिसरातल्या बौद्ध वावराचा प्रश्न निकालात निघत नाही.

वाद न घालता सगळं बघायचं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातली भद्रावती गाठावी. रेल्वेने गेलात तर भांदक स्टेशनला उतरायचं. गावात भद्रनागाचं देऊळ आहे आणि नागपंचमीला तिथे जत्रा भरते. विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत: डोंगरात सरळ आत गेलेला लांब बोळ, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले आणखी बोळ आणि टोकाशी दगडातच कोरलेली बैठी बुद्धमूर्ती. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत मूर्ती दिसतच नाही. तिसरं ठिकाण केशरिया पार्श्वनाथाचं जैन मंदिर. पार्श्वनाथाच्या डोक्यावरही नागाचा फणा असतोच. नवस भद्रनागाला, वंदना विजासनला आणि यात्रेकरूंच्या गाड्या जैन धर्मशाळेत, असा या गावाचा रोजचा व्यवहार आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. १६ तारखेला चंद्रपुरातही दीक्षा समारंभ झाला. नागपूरच का, असं लोक विचारत होते. १५ तारखेच्या भाषणात त्यांनी उत्तर दिलं की भारतात बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला आणि त्यांची वस्ती या भागात होती. नागपूरमधून वाहणाऱ्या नाग नदीचा दाखला त्यांनी दिला. अगस्त्य मुनींनी एका नागाला वाचवलं, त्याचे आपण वंशज, ही कथाही सांगितली. म्हणजे ज्या ऋषीचा आश्रम रामटेकचे भाविक दाखवतात, तोच दीक्षेच्या भाषणातही येतो. मात्र दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांनंतर बौद्ध घरांत वारुळाची पूजा राहिली नाही. तिथला नाग हा पूर्वज आहे, देव नाही. नागपंचमी म्हणजे पाच नागराजांचं स्मरण, अशी मांडणी अलीकडे जोरात आहे. तिला शिलालेखाचा आधार मला कुठे दिसलेला नाही.

हिंदू घरांतला नाग मात्र महादेवाच्या गळ्यातला. पंचमीच्या आधी विदर्भातली माणसं जत्थ्याने पचमढीकडे निघतात. सातपुड्याच्या जंगलातली नागद्वारची वाट वर्षातून याच थोड्या दिवसांसाठी मोकळी होते. घसरड्या पायवाटांनी, पावसात भिजत गुहेपर्यंत जायचं आणि पोळ्याच्या आधी शेतात परत हजर व्हायचं.

मुचलिंदाचा खांब बाबासाहेबांना बघायला मिळाला नाही. पवनीचं उत्खनन त्यांच्या भाषणानंतर तेरा वर्षांनी सुरू झालं. तो खांब नाग लोकांच्या वंशावळीचा पुरावा ठरत नाही. पण नाग आणि बुद्ध यांना एकत्र बघणारी माणसं वैनगंगेच्या काठी होती, एवढं तो निर्विवाद सांगतो. जगन्नाथ टेकडीला आजही दोन्ही वस्त्यांतली माणसं जातात, आपापल्या तिथीला.