विशेष शिक्षक व्हायचे असेल तर: पात्रता, सीआरआर नोंदणी आणि वर्गातली साधने

विशेष शिक्षणातले डी.एड. किंवा बी.एड. झाले की आपण विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारे शिक्षक, झालो, असा समज सर्रास आढळतो. कायदा तसे मानत नाही. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 नुसार परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत, म्हणजे सगळे ज्याला सीआरआर म्हणतात तिथे, नाव लागल्याशिवाय हे काम करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आधी दिव्यांगत्वाचा प्रकार ठरवा, मग कॉलेज

हा अभ्यासक्रम श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक व विकासात्मक अक्षमता अशा प्रकारांनुसार वेगवेगळा असतो. कॉलेज घराजवळ आहे म्हणून तिथे जो प्रकार मिळेल तो घेतला की पुढची सगळी नोकरी त्याच कामात जाते. म्हणून प्रवेशाआधी दोन-चार दिवस तशा शाळेत किंवा समावेशित वर्गात (जिथे दिव्यांग मुले इतर मुलांबरोबरच शिकतात) जाऊन बसा. ब्रेल शिकवणे आणि बोलके न झालेल्या मुलाकडून भाषा काढून घेणे या दोन कामांना लागणारी तयारी आणि धीर अगदी निराळे आहेत.

दोन वर्षांच्या डी.एड. साठी बारावीला किमान 50 टक्के, बी.एड. साठी पदवीला किमान 50 टक्के लागतात; राखीव प्रवर्गांना सवलत असते. पहिली ते पाचवीसाठी डी.एड. आणि त्यापुढच्या वर्गांसाठी बी.एड. अशी ढोबळ विभागणी आहे. मुंबईत वांद्र्याला वाक् व श्रवण दिव्यांगत्वासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे; नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्गही आहे.

इथे एक गोष्ट काटेकोरपणे तपासा. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमाला, प्रकाराला आणि ठरावीक वर्षांना असते. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी तुमच्या प्रकाराला मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावरच पाहा. माहितीपत्रकातले ‘मान्यताप्राप्त’ हे शब्द पुरेसे नाहीत. मान्यतेबाहेरच्या तुकडीचा अर्ज सीआरआरला अडकतो आणि मधली दोन वर्षे परत मिळत नाहीत.

सीआरआरचा अर्ज

अर्ज परिषदेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शुल्कही तिथेच. तयारीत ठेवा: दहावीचे प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावी व पदवीच्या गुणपत्रिका, विशेष अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि अंतिम किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही. स्कॅन मूळ कागदांवरूनच करा. झेरॉक्सच्या स्कॅनवर शिक्का आणि अनुक्रमांक धड वाचता येत नाहीत.

आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर आईचे नाव जोडलेले, आणि लग्नानंतर आडनावच निराळे. अर्जात दहावीचे नाव जसेच्या तसे लिहा. लग्नाने नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच काढून जोडा. नोंदणी कायमची नसते. नूतनीकरणासाठी सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाचे ठरलेले गुण लागतात, म्हणून प्रत्येक कार्यशाळेचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात जपून ठेवा.

शासकीय नोकरीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागते: 150 गुण, खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, म्हणजे 90. विशेष अर्हतेवर प्राथमिक शिक्षक म्हणून नेमणूक झाल्यास सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम नंतर करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्राने 2022 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि पुढच्या वर्गांना 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले, त्यामुळे पदांची मागणी आता कायद्याच्या आधारावर करता येते.

साधने कशी मिळतात, कुठे अडतात

दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि पालकांचे मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, 30,000 पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतात. त्याच कामासाठीचे साधन मागच्या तीन वर्षांत मिळालेले नसावे. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एकच वर्ष आहे. हे पालकांना ठाऊक नसते, ते शिक्षकानेच सांगायला हवे.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, मोफत आहे आणि ईस्पीक या संगणकी आवाजात मराठी वाचतो. तरी वर्गात तो बऱ्याचदा ‘बिघडलेला’ दिसतो. दोष मजकुराचा असतो: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका त्याला निरर्थक चिन्हे वाटते, आणि पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफ त्याच्यासाठी कोरी असते. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच टंकून घ्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतः ऐकून पाहा.

कानामागच्या श्रवणयंत्राने सतत शिट्टी मारली तर यंत्र दुरुस्तीला पाठवण्याआधी कानातला साचा, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला भाग, पाहा. मूल वाढते, कान वाढतो, साचा सैल होतो आणि आवाज बाहेर गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. नवा साचा बसवला की शिट्टी थांबते. यंत्राच्या झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मगच ती बसवा, आणि एकदा काढलेला स्टिकर परत लावून बॅटरी वाचत नाही.